ओहायोतल्या ब्रिटिश सासूबाई एकट्या पडल्यात, त्यांना परत इंग्लंडला पाठवावं का?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. विचारणाऱ्या ताई न्यू जर्सीत असतात. सासरे अमेरिकन एअरफोर्समध्ये होते, सफोकमधल्या लेकनहीथच्या तळावर असताना तिथल्याच मुलीशी लग्न केलं, पुढचा सगळा संसार इंग्लंडात झाला आणि १२ वर्षांपूर्वी दोघं सासऱ्यांच्या मूळ गावी, ओहायोतल्या सात-आठ हजार वस्तीच्या गावात राहायला आले. मागच्या वर्षी सासरे गेले. सासूबाई ७७ वर्षांच्या, ग्रीन कार्डवर, गाडी चालवत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, वजन उतरलंय आणि फोनवर काहीही विचारलं तरी "आय ॲम फाइन, डिअर" एवढंच. ताईंना वाटतंय की त्यांना मायदेशाची ओढ लागलीय, मग परत इंग्लंडला पाठवावं की आपल्याकडे आणावं.

मी पुण्यात एमएसडब्ल्यू केलं आणि गेली २२ वर्षं ओहायोतच एका काउंटीच्या ज्येष्ठांच्या सेवेत केस मॅनेजर आहे. माझ्याकडे बहुतेक इथलेच शेतकरी, फॅक्टरीतून रिटायर झालेले लोक असतात, पण त्यात दहा-बारा ब्रिटिश माणसंही येऊन गेली. सासूबाईंसारख्या एअरफोर्सवाल्यांशी लग्न केलेल्या बायका त्यात जास्त. त्यामुळे जे लिहितेय ते प्रत्यक्ष बघितलेलं आहे, पण तुमच्या सासूबाईंना मी भेटलेले नाही हे लक्षात ठेवून वाचा.

पहिली गोष्ट. मायदेशाची ओढ असेलच, नाही कशाला म्हणू. पण ती १२ वर्षं होतीच ना, तेव्हा त्या जेवत होत्या, हसत होत्या. मागच्या वर्षी जे गेलं ते नवरा आणि नवऱ्याबरोबर गाडी. ही दुसरी गोष्ट घरच्यांच्या लक्षातच येत नाही. इंग्लंडमधल्या खेड्यातली ७७ वर्षांची बाई गाडी नसली तरी अडत नाही, पेन्शनचं वय झालं की बसचा फुकट पास मिळतो, बस तासाला एकच असली तरी असते, चालत कोऑपमध्ये जाऊन दूध आणता येतं, पोस्टात दोन माणसं भेटतात, चॅरिटी शॉपमध्ये आठवड्यातून दोन दुपारी काउंटरवर बसता येतं, पबमध्ये जाऊन एकटीनं सूप घेतलं तरी कुणी वळून बघत नाही. त्यांच्या आत्ताच्या गावात काय असेल ते मी न बघता सांगते, मधे कोर्टहाऊसचा चौक, चौकातली अर्धी दुकानं बंद, वॉलमार्ट हायवेला तीन मैलांवर आणि तिथे जायला फूटपाथ नाही. म्हणजे सासरे असताना त्यांचा दिवस गाडीत बसून व्हायचा, आता दिवसच राहिला नाही. आपल्याकडून आईवडील सहा महिन्यांसाठी येतात आणि तिसऱ्या आठवड्यात खिडकीशी बसून राहतात, ते आठवा, अगदी तेच.

म्हणून परत पाठवायचं का हा प्रश्न सहा महिने बाजूला ठेवा आणि आधी त्यांचा आठवडा उभा करा असं मी सांगेन. तो उभा राहिला आणि तरीही त्या म्हणाल्या मला जायचंय, तर तो खरा निर्णय. आत्ता घेतला तर तो दुःखातला असेल.

आता आठवडा उभा कसा करायचा. इथे एक गोष्ट समजून घ्यायला लागते आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. आपण कुणाकडे गेलो आणि त्यांनी पोहे घ्या म्हटलं की आपण काय म्हणतो? नको नको, आत्ताच खाऊन आलो. ते म्हणतात घ्या हो थोडे. आपण परत नको. तिसऱ्यांदा बशी हातात येते आणि आपण खातो, आणि हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं. त्या पिढीच्या ब्रिटिश माणसाचं "नो, नो, आय ॲम फाइन, रिअली" हे आपलं पहिलं नको आहे. पण समोर अमेरिकन शेजारीण आहे, ती मनापासून विचारते "लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग", ह्या म्हणतात काही नको, आणि तिनं ते शब्दशः घेतलं, कारण तिच्याकडे नको म्हणजे नकोच, पुन्हा विचारणं म्हणजे आगाऊपणा. अंत्यसंस्कारानंतर दोन आठवडे शेजाऱ्यांकडून कॅसरोलची, म्हणजे शिजवलेल्या जेवणाची, भांडी येतात, मग ती थांबतात, आणि इकडे ही बाई मनात म्हणते की लोकांना काही पडलेली नाही. शेजारीण म्हणते, तिला एकटं राहायला आवडतं बहुतेक. दोघीही चांगल्या, आणि मधे भिंत.

यावर मी काय करते तर शेजारणीशी, चर्चमधल्या कुणाशी सरळ बोलते आणि वाक्य बदलायला लावते. काही लागलं तर सांग असं म्हणायचंच नाही. म्हणायचं, "गुरुवारी १० वाजता मी क्रोगरला (इथलं किराण्याचं सुपरमार्केट) चाललेय, तुम्हाला घ्यायला येते." वार आणि वेळ ठरलेली. समोरच्यानं वेळ ठरवून गाडी दारात आणली की ह्या पिढीची ब्रिटिश बाई नाही म्हणत नाही, कारण आता नाही म्हणणं जास्त उद्धटपणाचं होतं. माझ्या अनुभवात हे एक वाक्य बदलल्यानं जेवढा फरक पडलाय तेवढा कुठल्याच सरकारी योजनेनं पडला नाही. तुम्ही न्यू जर्सीहून त्या शेजारणीला फोन करून हे नक्की सांगू शकता, तिला वाईट वाटणार नाही, उलट सुटल्यासारखं होईल.

योजनाही आहेतच. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टखाली प्रत्येक भागात ज्येष्ठांच्या सेवा बघणारी एक एरिया एजन्सी ऑन एजिंग असते, ६० वर्षांवरच्या कुणालाही सीनियर सेंटरमध्ये दुपारचं जेवण मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, देणगी ऐच्छिक असते. ब्रिटिश माणसाला "जेवण" म्हणून सांगितलं तर तो जाणार नाही, त्याला ते गरिबांसाठीचं वाटतं, त्याच्याऐवजी तिथे मदतीला माणूस हवाय म्हणून सांगा. खरंच हवा असतो. काउंटीची व्हॅन बहुतेक ठिकाणी असते, एक-दोन दिवस आधी बुक करावी लागते आणि डॉक्टरच्या फेऱ्यांना पहिला नंबर असतो, म्हणून ती मंगळवारी सकाळी ठरलेली लावून घेतलेली बरी. लायब्ररी, हॉस्पिटलच्या मदतीसाठी चालणारं थ्रिफ्ट स्टोअर (हे म्हणजे त्यांचं चॅरिटी शॉपच), बागेची आवड असेल तर ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शनचा मास्टर गार्डनर कार्यक्रम. माझ्याकडच्या एक बाई दरवर्षी काउंटी फेअरला मार्मालेड ठेवतात, जानेवारीत संत्री आली की त्यांचा फोन येतो, तोपर्यंत त्यांच्याकडे दुसरा विषयच नसतो.

चर्चचं जरा जपून. छोट्या गावात दुसरंच वाक्य "तुम्ही कुठल्या चर्चला जाता" हे असतं आणि इंग्रज माणसाला ते पगार विचारल्यासारखं वाटतं. त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या असतील तर इथलं एपिस्कोपल चर्च त्याच घराण्यातलं, छोट्या गावात तिथे वीस-पंचवीस माणसंच असतात पण प्रार्थना ओळखीच्या असतात. श्रद्धा नसेल तर आग्रह नको, पण लेंटमधल्या (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) शुक्रवारच्या फिश फ्रायला, म्हणजे तळलेल्या माशांच्या सामुदायिक जेवणाला, कुणीही जाऊ शकतं. बायकांसाठी डॉटर्स ऑफ द ब्रिटिश एम्पायर नावाची १९०९ पासूनची संस्थाही आहे, जवळ शाखा आहे का बघा.

गाडी शिकणं ७७ व्या वर्षी शक्य आहे का, हे डोळे, मान वळणं आणि मुख्य म्हणजे इंग्लंडमध्ये त्या चालवत होत्या का यावर आहे. चालवत असतील तर आशा आहे. माझ्याकडच्या एका बाई ७१ व्या वर्षी शिकल्या, रविवारची गर्दी सुटल्यावर चर्चच्या पार्किंगमध्ये. उजवी बाजू पंधरा दिवसांत अंगवळणी पडली, अडलं ते फोर-वे स्टॉपला, कारण तिकडे चौकात गोल फिरायची सवय, इथे चार गाड्या थांबून एकमेकांना हात करतात. स्कूलबस थांबली की थांबायचं हेही तिकडे नाही. ओहायोच्या परीक्षेत शंकू लावून गाडी पुढेमागे काढायची एक चाचणी असते, ती त्यांना दुसऱ्या खेपेला जमली. आज त्या फक्त उजेडात आणि फक्त गावात चालवतात, पोस्ट, लायब्ररी, पार्लर, आणि तेवढंच हवं होतं. आधी हॉस्पिटलमधल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून ड्रायव्हिंगची तपासणी करून घ्या, ते मुलासुनेपेक्षा परक्यानं सांगितलेलं बरं पडतं.

आता वजन उतरलंय हे मला सगळ्यात जास्त खुपतंय. ते दुःखामुळेही असेल, एकटीसाठी कोण रांधणार म्हणूनही असेल, पण डॉक्टरकडे गेल्याशिवाय ठरवू नका, आणि शक्य असेल तर तुम्ही किंवा नवरा बरोबर जा. का ते सांगते. यॉर्कशरचे एक आजोबा माझ्याबरोबर क्लिनिकला आले होते, नर्सनं विचारलं वेदना एक ते दहात किती, ते म्हणाले "ओह, थ्री परहॅप्स", छातीत "अ बिट ऑफ अ ट्विंज". नर्सनं टाइप केलं, सौम्य अस्वस्थता. मी म्हटलं आजोबा, गेल्या महिन्यात करत होता आणि आता करत नाही असं काय आहे? तर म्हणाले, टपालपेटीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं. नर्सचा हात कीबोर्डवरच थांबला आणि संध्याकाळपर्यंत त्यांना ॲडमिट केलं होतं. तेव्हापासून मी आकडा विचारतच नाही, काय करायचं बंद झालं ते विचारते. तुम्हीही फोनवर कशा आहात विचारू नका, आज दुपारी काय खाल्लं विचारा, जिना दिवसातून किती वेळा चढलात विचारा. आठवणीत गोंधळ असेल, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतील, तर मात्र वर लिहिलेल्या सगळ्याच्या आधी ती तपासणी.

आणि औषधांचा डबा स्वतःच्या हातानं उघडून बघा. एका बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी सगळं ओतून मोजलं होतं ते अजून डोळ्यासमोर आहे. बहिणीनं इंग्लंडहून पाठवलेली पॅरासिटॅमॉलची १६-१६ ची पाकिटं (तिकडे १९९८ पासून दुकानात एका पाकिटात तेवढ्याच मिळतात), शेजारी टायलेनॉल पीएमची (दुखण्याचं आणि झोपेचं औषध एकत्र) मोठी बाटली. त्या गुडघ्यासाठी दिवसातून चार वेळा दोन-दोन पॅरासिटॅमॉल घ्यायच्या, म्हणजे झाले ४००० मिलिग्रॅम, आणि झोपेसाठी रात्री टायलेनॉल पीएमच्या दोन, म्हणजे आणखी १०००. अमेरिकेत ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात ते पॅरासिटॅमॉलच, नाव वेगळं, यकृताला तेच. आपल्याला क्रोसिन माहीत असते म्हणून आपण पटकन ओळखतो, त्या बाईंना ती दोन वेगळी औषधं वाटत होती. शिवाय पीएममधल्या झोपेच्या औषधानं म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो. दम्याच्या पंपाचंही तसंच, तिकडचा साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. साखर तिकडच्या मशीनवर ७ दाखवते ती इथे १२६, १८ नं गुणायचं, आणि पाकिटावरची ५/६ ही तारीख ५ जून की ६ मे हे कुठलं पाकीट आहे यावर ठरतं.

आता कागद. हे सासरे बघत असणार, त्यामुळे तुम्हालाच बसावं लागेल. ब्रिटिश स्टेट पेन्शन अमेरिकेत राहणाऱ्यांना दरवर्षी वाढते (कॅनडा-ऑस्ट्रेलियात गोठते, इथे नाही), त्यांच्या वयाला जुनी पद्धत लागू, २०२५-२६ मध्ये पूर्ण बेसिक आठवड्याला १७६.४५ पौंड होती, किती वर्षं भरली त्यावर प्रत्यक्ष आकडा. पण मधूनमधून लाइफ सर्टिफिकेट नावाचा फॉर्म पोस्टानं येतो, आपल्याकडच्या जीवन प्रमाणपत्रासारखाच, साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचा, नाही गेला तर पेन्शन थांबते. माझ्याकडे एका बाईंचा तो फॉर्म सहानुभूतीच्या कार्डांच्या गठ्ठ्यात सापडला होता, न उघडलेला. तेव्हा गठ्ठे उघडा. इंग्लंडमधली बँक खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर दरवर्षी एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म) भरायला लागतो, तिकडे करमुक्त असलेलं आयसा हे बचत खातं इथे करमुक्त नाही, याला दोन्हीकडचं कळणारा सीपीए (इथला सीए) घ्या, गावातल्याला बहुधा माहीत नसतं. सासऱ्यांच्या नावावर सोशल सिक्युरिटीची (इथली सरकारी पेन्शन) वारस रक्कम मिळतेय का तेही बघा.

सासरे एअरफोर्समधून २० वर्षं भरून रिटायर झाले असतील तर हे नीट वाचा. ट्रायकेअर फॉर लाइफ हा सैन्यातून रिटायर झालेल्यांचा आरोग्य विमा विधवेलाही चालू राहतो, पण मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरच्या खर्चाचा हप्ता भरून घ्यायचा भाग, चालू असला तरच. नवरा गेल्यावर खर्च कमी करायचा म्हणून पार्ट बी बंद करणारी माणसं मी बघितलीयत, मग परत घेताना उशिराच्या प्रत्येक वर्षामागे १० टक्के जास्त आणि तेही कायमचं. नुसतं मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळपास काहीच देत नाही, ट्रायकेअर परदेशातही देतं, म्हणजे इंग्लंडला जायचं ठरलं तर याचा फरक पडेल. मोफत सल्ल्यासाठी ओहायोत ऑशिप ही मेडिकेअरबद्दल सांगणारी राज्य सरकारची सेवा आहे, विमा विकणाऱ्याच्या आधी तिथे फोन करा.

बघू तर खरं, वर्षभर तिकडे राहून बघू दे, असं तुम्ही लिहिलंय. ग्रीन कार्डवर हे असं सहज करू नका. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहायचं तर निघण्याआधी, इथे असतानाच, रीएंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो, त्याशिवाय राहिल्या तर परत येताना कार्डच सोडलं असं धरतात. सहा महिन्यांच्या वर गेल्या तरी प्रश्न येतात. माझं मत, त्यांची तयारी असेल तर अमेरिकन नागरिकत्व घ्यावं, ब्रिटन त्यासाठी आपलं काढून घेत नाही, मग जाणं-येणं मोकळं. काहींना शपथ मनाला लागते, राणीच्या काळात वाढलेली माणसं आहेत ती, तेव्हा घाई करू नका. त्यांना एक सांगा, जानेवारी २०२४ पासून परदेशातल्या ब्रिटिशांची १५ वर्षांची अट गेलीय, आता ते तिकडच्या संसदेच्या निवडणुकीत कायम मत देऊ शकतात. एका आजोबांना हे मी सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले.

कायमचं परत जाणं वाईट नाही. राहायला म्हणून परत गेल्या तर एनएचएस (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) लगेच सुरू होतं, नुसत्या भेटीला गेल्या तर हॉस्पिटलचं बिल येतं, हा फरक आहे. पण घरी येणारी मदतनीस किंवा केअर होम हे एनएचएसमध्ये येत नाही, इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांवर शिल्लक असेल तर खर्च स्वतःचा, आणि इकडचं घर विकलं की शिल्लक त्याच्यावर जाणारच. तिकडे कोण आहे हे मात्र नीट विचारा. नावं विचारा, वय विचारा, मैत्रीण अजून चालत येऊन भेटू शकते का विचारा. सफोकमध्ये बहीण किंवा भाची हाताशी असेल तर मी पाठवा म्हणेन, फक्त गाव असेल तर नाही. न्यू जर्सीला तुमच्याकडे आणायचं तर तुम्ही दोघं कामाला गेल्यावर त्या दहा तास काय करतील याचं उत्तर आधी हवं, नाहीतर खिडकी बदलेल फक्त.

छोट्या गोष्टीही करून टाका, त्यांना वेळ लागत नाही. चांगली इलेक्ट्रिक किटली घेऊन द्या, इथल्या १२० व्होल्टवर ती १५०० वॅटची असते, तिकडच्या ३००० च्या किटलीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, तरी शेगडीवर पातेलं ठेवण्यापेक्षा बरी. चहा क्रोगरच्या परदेशी मालाच्या रांगेत मिळतो. आणि बहिणीचा रविवारचा फोन येत असेल तर मार्चमध्ये लक्ष ठेवा, अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या, तेवढे दोन-तीन आठवडे अंतर पाचाऐवजी चार तासांचं असतं. म्हणजे तिकडून ३ वाजता येणारा फोन इथे १० ऐवजी ११ ला वाजतो. एक बाई तो तासभर केस विंचरून, फोन मांडीवर घेऊन बसलेल्या मी बघितल्यात, बहीण आजारी पडली असेल म्हणून घाबरलेल्या. स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावा, इंग्लंडच्या वेळेचं. ते लावायला वीस मिनिटं लागतात आणि त्या दिवसातून दहादा त्याच्याकडे बघतात.

तर ताई, पुढच्या फेरीत क्रम असा ठेवा, डॉक्टर आणि औषधांचा डबा, मग टपालाचा गठ्ठा, मग शेजारणीला गुरुवारचं वाक्य, परत जाण्याचा विषय त्या काढतील तेव्हाच. त्या घराला जिने किती आहेत, बाथरूम खाली आहे का, आणि सासरे एअरफोर्समध्ये नक्की किती वर्षं होते एवढं इथे लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.